कूस बदलण्याचे शास्त्र

साताऱ्यात, कऱ्हाडात किंवा सांगलीत रस्त्याने जाताना 'अमुक नर्सिंग होम' अशी पाटी दिसली, की आत प्रसूतीची किंवा शस्त्रक्रियेची सोय असलेले खाजगी रुग्णालय असणार, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. मुंबई राज्यात अशा रुग्णालयांच्या नोंदणीसाठी १९४९ साली कायदा झाला. त्याच्या नावातही 'नर्सिंग होम' हाच शब्द आहे. अमेरिकेत मात्र याच शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथे नर्सिंग होम म्हणजे वृद्ध आणि दुबळी माणसे जेथे दीर्घकाळ राहतात आणि परिचारिका जेथे रात्रंदिवस त्यांची देखभाल करतात, ते ठिकाण. ज्यांना थोड्याच मदतीची गरज असते, म्हणजे औषधाची आठवण करणे, अंघोळीला हात देणे, चालताना सोबत असणे, अशांसाठी तेथे 'साहाय्यित निवास' ही आणखी एक व्यवस्था असते. आपण या सगळ्यांना 'वृद्धाश्रम' या एकाच शब्दात गुंडाळतो.

एका शब्दाच्या या दोन अर्थांमागे इतिहास आहे. आपल्याकडे परिचारिकेचे शिक्षण रुग्णालयाच्या आवारात सुरू झाले आणि तेथेच वाढले. साथीचा रोग, बाळंतपण आणि शस्त्रक्रिया हे त्याचे तीन मुख्य विषय. आजारी माणूस येतो, बरा होतो आणि घरी जातो, असे या शिक्षणात गृहीत धरलेले असते. वृद्धनिवासात काम करणाऱ्या परिचारिकेपुढची माणसे मात्र घरी जाण्यासाठी आलेली नसतात. तेथे तिचे काम नेमके काय असते? ते काम मायेचे की शास्त्राचे? आणि आपल्या भागात ते शिकवायला कोण होते? या लेखात आपण या प्रश्नांचा विचार करणार आहोत.

रहिमतपूरसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवले, तर हा प्रश्न दूरचा वाटणार नाही. कोरेगाव तालुक्यातले, कमंडलू नदीकाठचे हे जुने बाजाराचे गाव. रणदुल्लाखानाच्या कबरीमुळे इतिहासाच्या शिक्षकांना आणि वसंत कानेटकरांच्या जन्मामुळे मराठीच्या शिक्षकांना ते ठाऊक आहे. पुणे–मिरज लोहमार्गावर त्याच्या नावाचे स्थानक आहे. या मार्गाने आणि घाटाच्या रस्त्याने सातारा जिल्ह्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेली. कोणी मुंबईच्या गिरण्यांत, कोणी गोदीत, कोणी घाऊक बाजारात माथाडी म्हणून, कोणी सैन्यात. पुढे त्यांची मुले पुण्याच्या कारखान्यांत आणि संगणक कंपन्यांत गेली. मनीऑर्डर येत राहिली आणि आता पैसे थेट खात्यावर येतात. पण रात्री दोन वाजता आजोबांची कूस बदलायला घरी कोण आहे, हा प्रश्न पैशाने आपोआप सुटत नाही.

घरातली शुश्रूषा

आपल्या वैद्यक परंपरेत शुश्रूषेला कमी लेखलेले नाही. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. यांतल्या परिचारकाचे गुणही चारच दिले आहेत. त्याला उपचारांचे ज्ञान असावे, तो दक्ष असावा, रुग्णाविषयी त्याला आपुलकी असावी आणि तो शुचिर्भूत असावा. ज्ञानाचा उल्लेख पहिला आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आपुलकी चारांतली एक आहे.

प्रत्यक्ष व्यवहारात मात्र परिचारकाचे काम घरातल्या स्त्रीकडे आले. सासू-सासऱ्यांचे अंथरुण-पांघरुण, खाणे-पिणे, मलमूत्र हे सर्व सुनेने करायचे आणि ते कुणी न शिकवता तिला आले पाहिजे, असे धरले गेले. कामाला मोल नव्हते म्हणून मोजमापही नव्हते. ज्याला घर नव्हते, त्या वृद्धासाठी मंदिराची ओसरी, धर्मशाळा किंवा एखाद्या दानशूराची संस्था एवढाच आधार होता. पुण्यातले डेव्हिड ससून अनाथ पंगुगृह हे अशा संस्थांचे जुने उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चालत आलेली ही संस्था आज 'निवारा' या नावाने ओळखली जाते. तिच्या मूळ नावातच त्या काळची कल्पना दिसते. अनाथ आणि पंगू असेल, तरच वृद्ध माणूस संस्थेत जाणार. इतरांची सोय घर करील, हे ठरलेलेच होते.

सातारा–मिरज: परिचारिकेचा जन्म

घराबाहेरच्या, अनोळखी माणसाची शुश्रूषा करणारी स्त्री आपल्या समाजाला दिसली ती साथीच्या काळात. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्याच वर्षी पुण्याला त्याने घेरले. सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले त्या वेळी साठी ओलांडलेल्या होत्या. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर, हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना चालवला. सावित्रीबाई रुग्णांना तेथे आणत. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यात त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी परिचारिकेचे शिक्षण घेतलेले नव्हते. पण जात, नाते आणि विटाळ बाजूला ठेवून परक्याच्या देहाला हात लावता येतो, हे त्यांनी दाखवून दिले, आणि परिचर्येच्या व्यवसायाची पहिली अट हीच आहे.

प्रशिक्षण तोपर्यंत मुंबईत सुरू झाले होते. परिचर्येच्या इतिहासात १८९१ साली शिक्षणासाठी आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून बाई काशीबाई गणपत हे मराठी नाव नोंदलेले आहे. दक्षिणेकडे मिरजेत कॅनडात जन्मलेले डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. मिरज रेल्वेचे जंक्शन असल्याने सातारा, कोल्हापूर, बेळगाव, विजापूर अशा चहूकडच्या भागांतून रुग्ण तेथे येऊ लागले. एवढ्या रुग्णांना परदेशी परिचारिका पुरणे शक्यच नव्हते. म्हणून तेथे स्थानिक मुलींना शिकवण्याची सोय झाली आणि मिरज परिचारिका तयार करणारे गाव बनले. रहिमतपूरच्या स्थानकावरून दक्षिणेकडे जाणारी गाडी कऱ्हाड, किर्लोस्करवाडी, सांगली करत याच मिरजेला पोचते.

या मुलींत ख्रिस्ती कुटुंबांतल्या मुली अधिक होत्या. उच्चवर्णीय हिंदू घरांत हे काम हलके मानले जाई. ती भिंत पाडण्यात मोठा वाटा रमाबाई रानडे यांचा. त्यांचा जन्म देवराष्ट्र्याचा. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगली जिल्ह्यात आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले आणि थोड्याच काळात सेवासदनाच्या विद्यार्थिनी ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण घेऊ लागल्या. त्यांत तरुण विधवाही होत्या. घरात फुकट राबणाऱ्या विधवेच्या हाती प्रमाणपत्र आणि पगार आला, हा बदल लहान नव्हता. १९३५ साली मुंबई इलाख्यात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९४७ साली भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला आणि १९६६ साली महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा झाला.

हा सारा प्रवास अभिमानास्पद आहे. पण त्यात वृद्ध माणूस कोठे आहे, हे शोधले तर तो फारसा सापडत नाही. त्याची कारणे समजून घेतली पाहिजेत.

सरासरी ३२ वर्षांचे आयुष्य

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल दिला, तेव्हा देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका होती. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयांचे जन्मवेळचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. या आकड्याचा अर्थ विद्यार्थी हमखास चुकीचा लावतात. त्या काळी माणसे तिशीतच म्हातारी होऊन मरत, असे त्यांना वाटते. तसे नव्हते. फार मोठ्या प्रमाणात अर्भके आणि लहान मुले दगावत, त्यामुळे सरासरी खाली येई. समजा, दहा माणसांपैकी पाच जण पहिल्या-दुसऱ्या वर्षी गेले आणि उरलेले पाच साठ-पासष्ट वर्षे जगले, तर सरासरी ३२ च्या आसपासच येते. हे गणित वर्गात फळ्यावर करून दाखवावे.

अशा परिस्थितीत तुटपुंज्या परिचारिका आधी प्रसूतिगृहात, लसीकरणाला आणि साथीच्या रुग्णालयात पाठवणे, हाच शहाणपणाचा निर्णय होता. तो यशस्वीही झाला. आज आपले सरासरी आयुर्मान सत्तरच्या घरात आहे. १९५१ च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे सुमारे २ कोटी होती. २०११ च्या जनगणनेत ती १० कोटींवर गेली. लोकसंख्येतला त्यांचा वाटा देशात ८.६ टक्के, तर महाराष्ट्रात जवळजवळ १० टक्के होता. म्हणजे परिचारिकांनी आणि इतरांनी जी बाळे वाचवली, तीच आता आजी-आजोबा झाली आहेत. बाळांना वाचवण्याचे शिक्षण आपण नेटाने दिले. त्यांना म्हातारपणी सांभाळण्याचे शिक्षण मागे राहिले.

असे वेगळे शिक्षण खरोखर आहे का? माया असली, स्वच्छता असली, की पुरे नाही का? याचे उत्तर एका साध्या जखमेच्या इतिहासात मिळते.

एका जखमेचा इतिहास

माणूस फार दिवस अंथरुणाला खिळला, की माकडहाड, टाचा, नितंब, खुब्याचे हाड अशा ठिकाणी कातडी फाटते आणि खोल जखम होते. हे शय्याव्रण. बोलीत आपण त्याला बेडसोअर म्हणतो. जखम वाढत हाडापर्यंत जाते, तिच्यात जंतू शिरतात आणि मूळ आजारातून वाचलेले माणूस या जखमेने दगावते.

ही जखम का होते? पॅरिसच्या साल्पेत्रिएर या संस्थेत एकोणिसाव्या शतकात हजारो वृद्ध आणि निराधार स्त्रिया राहत. तेथे काम करणारे विख्यात मज्जातज्ज्ञ शार्को यांनी असे मत मांडले, की मज्जासंस्थेला इजा झाल्यामुळे कातडीचे पोषण बिघडते आणि जखम होते. म्हणजे ती अटळ आहे. ब्राऊन-सेकार या शास्त्रज्ञाने त्याआधीच प्राण्यांवर प्रयोग केले होते. मज्जारज्जू कापलेल्या प्राण्यांची कातडी कोरडी ठेवली आणि तिच्यावर दाब येऊ दिला नाही, तर जखमा होत नाहीत, असे त्याला आढळले होते. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनेही १८५९ च्या सुमारास परिचर्येवर लिहिताना शय्याव्रणाचा दोष रोगापेक्षा बहुधा परिचर्येकडे जातो, असे बजावले होते. पण शार्को यांचे वजन मोठे होते. जखम अटळ आहे असे एकदा मान्य झाले, की ती टाळण्यासाठी कोणी धडपडत नाही. त्यामुळे या मताने रुग्णांचे दीर्घकाळ नुकसान केले.

दाबाचे कोडे उलगडायला १९३० साल उजाडावे लागले. लँडिस या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने अत्यंत बारीक काचनळी वापरून माणसाच्या नखाच्या कडेच्या केशवाहिनीतला रक्तदाब मोजला. वाहिनीच्या सुरुवातीच्या टोकाला तो सुमारे ३२ मिलिमीटर पारा भरला. यावरून एक ढोबळ कल्पना मिळाली. बाहेरून याहून बराच अधिक दाब कातडीवर सतत राहिला, तर केशवाहिन्या मिटतात, रक्त पोचत नाही आणि पेशी मरू लागतात. १९५९ साली कोसियाक यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांनी दुसरी बाजू दाखवली. जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब जास्त वेळ, या दोन्हींनी सारखेच नुकसान होऊ शकते. म्हणजे दाबाबरोबर वेळही मोजला पाहिजे.

मधल्या काळात रुग्णालयांत बदल घडत होते. १९३५ साली लंडनजवळच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयाकडे शेजारच्या अनाथगृहातले ७०० हून अधिक रुग्ण सोपवले गेले. त्यांतले कित्येक वर्षानुवर्षे अंथरुणावर पडून होते. डॉ. मार्जरी वॉरन यांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे तपासले. म्हातारपण हे निदान नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. भिंतींना रंग, चांगला उजेड, हाताला धरायला कठडे, व्यायाम आणि उठून बसण्याचा सराव एवढ्यावर पुष्कळ माणसे पुन्हा हिंडू-फिरू लागली आणि काही घरीही गेली. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. गुटमन यांनी पाठीचा कणा दुखावलेल्या सैनिकांचा विभाग उघडला. दिवसा आणि रात्री, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदललीच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. मज्जारज्जू तुटलेला असूनही त्यांच्या रुग्णांच्या जखमा टळू लागल्या. शार्को यांचे मत प्रत्यक्ष व्यवहारात खोटे ठरले.

यानंतरचे पाऊल एका परिचारिकेने टाकले. डोरीन नॉर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली रुग्णालयातल्या वृद्धांच्या परिचर्येचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी सुमारे अडीचशे रुग्णांची पद्धतशीर पाहणी केली. त्या काळी पाठीला निरनिराळी द्रावणे, मलमे आणि पावडरी चोळण्याची प्रथा होती. कोणते द्रावण चांगले, यावर परिचारिकांमध्ये वाद होत. नॉर्टन यांना आढळले, की द्रावणांनी उल्लेखनीय फरक पडत नाही. फरक पडतो तो नियमाने कूस बदलण्याने. जखम कोणाला होण्याचा धोका आहे हे आधीच ओळखण्यासाठी त्यांनी पाच बाबींचे एक मोजमाप तयार केले: शरीराची एकंदर स्थिती, मनाची सावधता, हिंडणे-फिरणे, अंथरुणातल्या हालचाली आणि मलमूत्रावरचा ताबा. प्रत्येक बाबीला १ ते ४ गुण. बेरीज जास्तीत जास्त २०. ती १४ किंवा त्याहून कमी आली, तर धोका आहे असे समजायचे.

आम्हा प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना या मोजमापाचे विशेष कौतुक वाटते. त्याला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. डोळे, हात, कागद आणि पेन्सिल पुरते. तरीही ते खरे वैज्ञानिक उपकरण आहे, कारण दोन वेगवेगळ्या परिचारिका ते वापरून जवळपास सारख्याच निष्कर्षाला येऊ शकतात आणि महिन्याभराने पुन्हा मोजून काय बदलले हे सांगू शकतात. पुढे १९८७ साली ब्रॅडन आणि बर्गस्ट्रॉम या अमेरिकन परिचारिका-संशोधकांनी यात सुधारणा करून सहा बाबींचे मोजमाप बनवले. ते आज जगभर वापरले जाते.

दोन तास की चार तास?

विज्ञानात कोणताही दंडक कायमचा पवित्र नसतो. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम पन्नासहून अधिक वर्षे चालला. त्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, एका वृद्धनिवासात सहा माणसे पूर्णपणे अंथरुणावर आहेत. दर दोन तासांनी म्हणजे प्रत्येकाची कूस दिवसातून १२ वेळा, सहा जणांची मिळून ७२ वेळा बदलायची. एका वेळेला पाच मिनिटे धरली, तर सहा तास होतात. नीट वळवायला दोन माणसे लागतात, म्हणजे रोजचे १२ मनुष्यतास केवळ या कामाला हवेत. शिवाय त्या आजींची झोप रात्रभर मोडते, ती वेगळीच.

हा हिशेब डोळ्यांपुढे ठेवून बर्गस्ट्रॉम यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या २७ वृद्धनिवासांत ९०० हून अधिक रहिवाशांवर तुलनात्मक चाचणी घेतली. तिचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदलण्याचे असे गट चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे पाडले होते आणि प्रत्येकाला तीन आठवडे तपासले. जखमांच्या प्रमाणात तिन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. पण यात एक अट आहे. सर्व रहिवासी दाट फोमच्या, दाब विभागणाऱ्या गाद्यांवर झोपत होते आणि परिचारिका प्रत्येक वेळी कातडी तपासून नोंद ठेवत होत्या. आपल्याकडच्या दबून गठ्ठे झालेल्या कापसाच्या गादीला हा निष्कर्ष तसाच लावता येणार नाही. परदेशातला निष्कर्ष उचलताना त्याच्या अटीही उचलाव्या लागतात, हे विज्ञान शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखे आहे.

दुसरी एक गोष्ट तर आपल्या कातडीशीच निगडित आहे. शय्याव्रणाची पहिली खूण म्हणून पाठ्यपुस्तकांत 'दाबल्यावर न जाणारी लाली' असे लिहिलेले असते. ही पुस्तके प्रामुख्याने गोऱ्या कातडीचे रुग्ण पाहून लिहिली गेली. सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही. तेथे हाताने स्पर्श करून पाहावे लागते. ती जागा आजूबाजूपेक्षा गरम किंवा थंड, घट्ट किंवा लिबलिबीत लागते आणि दुखते. नुसत्या डोळ्यांवर विसंबणारी परिचारिका आपल्याकडे पहिली खूण हुकवू शकते.

वर्गात करून पाहा

१. अंगठ्याचे नख दुसऱ्या हाताने पाच सेकंद दाबून सोडा. नख पांढरे पडते आणि साधारण दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी होते. पांढरेपणा म्हणजे केशवाहिन्यांतून बाहेर ढकललेले रक्त.

२. लाकडी बाकावर तळहात पालथा ठेवून त्यावर एक-दोन मिनिटे बसा. हात काढल्यावर दबलेली जागा थोडा वेळ जास्त गरम लागते. रक्ताविना राहिलेल्या भागाकडे शरीर जादा रक्त पाठवते. मुंग्या आल्या म्हणून आपण हात काढतो. ज्याला संवेदना नाही किंवा हलण्याचे बळ नाही, तो काढू शकत नाही.

३. पाच सेंटिमीटर व्यासाच्या गोल बुडाची वाटी घ्या. बुडाचे क्षेत्रफळ सुमारे २० चौरस सेंटिमीटर येते. तिच्यावर १ किलो वजन ठेवले, तर दर चौरस सेंटिमीटरला ५० ग्रॅम भार पडतो. पाऱ्याच्या मापात हा दाब सुमारे ३७ मिलिमीटर होतो, म्हणजे लँडिसच्या ३२ पेक्षा जास्त. आता ४५–५० किलोंच्या आजींच्या माकडहाडाखाली काय होत असेल, याचा अंदाज विद्यार्थ्यांना करू द्या. भार तोच ठेवून क्षेत्रफळ वाढवले तर दाब किती घटतो, हेही काढायला सांगा. चांगल्या गादीचे रहस्य त्यात आहे.

सिस्टरांच्या वहीत काय असते

शय्याव्रण हे एक उदाहरण झाले. वृद्धनिवासातल्या परिचारिकेचे बाकीचे कामही याच जातीचे असते. म्हाताऱ्या माणसाला तहान कमी लागते, म्हणून पाणी मागण्याची वाट न पाहता ते मोजून द्यावे लागते. जंतुसंसर्ग झाला तरी कित्येकदा ताप चढत नाही. काल नीट बोलणारे आजोबा आज बरळू लागले, एवढीच खूण मिळते, आणि कालचे बोलणे ज्याला माहीत आहे त्यालाच ती कळते. एकाच माणसाला चार डॉक्टरांनी दिलेल्या दहा गोळ्या असतात. वृद्धांना कोणती औषधे अपायकारक ठरू शकतात याची पहिली मोठी यादी डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली केली, ती वृद्धनिवासांतल्या रहिवाशांसाठीच. अंघोळ, कपडे, जेवण, जिना चढणे अशा दहा कामांत माणूस किती स्वावलंबी आहे, हे मोजणारा बार्थेल निर्देशांक १९६५ पासून वापरात आहे. त्यात ० ते १०० गुण असतात. रुग्णालयातल्या परिचारिकेला ताप उतरल्याचे समाधान मिळते. येथे सहा महिन्यांपूर्वीचे ६० गुण आजही ६० राहिले, हेच यश असते. बाहेरच्या माणसाला त्यात काहीच घडलेले दिसत नाही.

म्हणूनच या कामाची किंमत कमी लेखली जाते. आपल्याकडच्या अनेक वृद्धाश्रमांत हे काम कोणतेही शिक्षण न मिळालेल्या मावशी करतात. त्या मायेने करतात, पण लाल झालेली जागा जोरात चोळू नये किंवा रबरी चकतीवर बसवल्याने चकतीच्या कडेखालचे रक्त अडते, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. प्रशिक्षित परिचारिका रुग्णालयाकडे किंवा परदेशाकडे जातात, कारण तेथे पगार आणि मान दोन्ही अधिक मिळतात.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. ज्येष्ठ नागरिकांसाठीचे राष्ट्रीय धोरण १९९९ साली आले. २००७ च्या कायद्यात आई-वडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आणि प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान एक निवास असावा, अशी तरतूद केली. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०–११ पासून सुरू झाला. इमारती उभ्या राहतील. पण इमारत रात्री कूस बदलत नाही. त्यासाठी शिकलेले हात लागतात आणि त्या हातांना पुरेसा पगार लागतो.

येथे शिक्षकांचा संबंध येतो. रहिमतपूर, कोरेगाव किंवा मसूरच्या शाळेतली एखादी मुलगी 'मला नर्सिंगला जायचे आहे' असे म्हणते, तेव्हा तिला मिरजेचे रुग्णालय दिसत असते. वृद्धांची परिचर्या हीही एक शाखा आहे, तिचे स्वतंत्र शिक्षण आहे आणि तिच्यात संशोधनाला भरपूर वाव आहे, हे तिला सांगितले पाहिजे. आपल्या गादीवर, आपल्या उन्हाळ्यात, आपल्या सावळ्या कातडीवर कूस किती तासांनी बदलावी, हा प्रश्न एखाद्या तालुक्याच्या गावातली परिचारिकाही वही-पेन्सिल घेऊन अभ्यासू शकते. आणि हे शिक्षण मुलींपुरतेच ठेवण्याचेही कारण नाही. वजनदार आजोबांना वळवायला दोन माणसे लागतात, त्यांतला एक मुलगा असायला काहीच हरकत नाही.

तोवर प्रत्येक घरात करण्यासारखे थोडे आहेच. घरात कोणी अंथरुणाला खिळले असेल, तर पलंगाशेजारी घड्याळ आणि वही ठेवावी. कोणत्या वेळी कोणत्या कुशीवर वळवले, हे लिहावे. वळवताना माकडहाड, खुबे आणि टाचा हाताने चाचपून पाहाव्यात. टाचांखाली जागा सुटेल अशी पोटऱ्यांखाली उशी द्यावी. अंथरुण कोरडे आणि सुरकुतीविना ठेवावे. गरम, घट्ट किंवा दुखरी जागा आढळली, तर तिच्यावर भार येऊ न देता त्याच दिवशी आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांना दाखवावे. विद्यार्थ्यांनी ही वही ठेवण्याचे काम आनंदाने घेतले, असे दिसून येईल. आपल्या आजीच्या अंगाशी निगडित अशी दाब आणि वेळ यांची मोजणी पुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा त्यांच्या अधिक लक्षात राहील.